छत्तिसाचा आकडा

गेल्या कोजागिरीची गोष्ट. गच्चीवर शेजारची चार बिऱ्हाडे जमली होती, आटीव दुधाचे पातेले चंद्रप्रकाशात ठेवून झाले होते, आणि आम्ही पहिला घोट घेतला तोच डाव्या बाजूच्या खालच्या दाढेतून अशी कळ निघाली, की ती कानावरून थेट कपाळात शिरली. पेला हळूच खाली ठेवला. “दुधात काही कमीजास्त झाले का?” असे यजमानीणबाईंनी विचारले. आम्ही “छे, उत्तम आहे” असे उत्तर दिले आणि उरलेले दूध पुरते निवल्यावर उजव्या गालाने प्यालो. सौ.ने आमच्याकडे एकवार पाहिले. बोलली मात्र काही नाही.

दाढ दुखू लागली म्हणजे मनुष्य दंतवैद्याकडे जातो, ही समजूत पुस्तकी आहे. मनुष्य प्रथम आरशाकडे जातो. आम्हीही त्या रात्री विजेरी घेऊन आरशापुढे जबडा वासून उभे राहिलो. दाढेच्या माथ्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा काळा खड्डा होता. तो नवा नव्हता. दोन वर्षांपूर्वी तो मोहरीएवढा होता व पेरूचे बी त्यात अडकत असे. तेव्हाच भरून घेतला असता तर सात-आठशे रुपयांत काम भागले असते, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. एका वेगळ्याच कारणाने आम्ही गेलो नव्हतो, आणि ते कारण सांगावयास थोडा संकोच वाटतो.

आमचे गाव तालुक्याचे, कृष्णाकाठचे. गावात दंतवैद्य तीन. त्यांतील एक आमचा विद्यार्थी. त्याला आम्ही आठवी ते दहावी संस्कृत शिकविले. काही वर्षांपूर्वी एक लहानशी दाढ भरून घेण्यास त्याच्याकडे गेलो होतो. काम झाल्यावर खिशात हात घातला, तर तो खुर्ची सोडून उठला, पाया पडला व म्हणाला, “गुरुजी, तुमच्याकडून मी पैसे घ्यायचे?” बाहेर पाच-सहा माणसे बसली होती, तंटा करण्याची ती जागा नव्हती. आम्ही घरी आलो आणि मनाशी ठरविले, की पुन्हा येथे यावयाचे नाही. त्याच्याकडे गेलो तर फुकट्याचे पाप, आणि त्याला सोडून दुसऱ्याकडे गेलो तर त्याचा उघड अपमान. ह्या पेचातून सुटण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कोणाकडेच न जाणे. तोच आम्ही पत्करला.

पुढील काही दिवस लवंगेच्या तेलावर काढले. कापसाचा बोळा तेलात बुडवून खड्ड्यात ठेवावा, तासभर बरे वाटावे, पुन्हा ठणका सुरू. येथे लवंगेची बाजू सांगितली पाहिजे. तिच्यातील युजेनॉल ह्या द्रव्याने वेदना खरोखर बधिर होते, आणि तेच द्रव्य जस्ताच्या भस्मात मिसळून दंतवैद्यही तात्पुरत्या भरावासाठी वापरतात. परंतु बधिर करणे निराळे आणि बरे करणे निराळे. शेजारच्या एका गृहस्थांनी तर डोकेदुखीची गोळी कुटून हिरडीवर दाबून धरण्याचा उपाय सांगितला. आम्ही तो करून पाहिला. हिरडीवर पांढरा चट्टा उठला आणि एका दुखण्याची दोन दुखणी झाली. गोळी पोटात घ्यावयाची असते. हिरडीवर तिचे आम्ल नुसते भाजते.

त्याच गृहस्थांनी आणखी एक धास्ती घातली: “दाढ काढू नका हो, डोळा जाईल.” हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत, म्हणून त्याचे मूळ कोठे आहे ते पाहण्यास सुश्रुतसंहिता काढली. सुश्रुताने मुखाचे रोग ६५ मोजले आहेत. पैकी ८ दातांचे व १५ दातांच्या मुळांचे. किडलेल्या दातास तो कृमिदंत म्हणतो आणि काळा पडलेला, छिद्र असलेला, हलणारा, स्रवणारा व निमित्तावाचून ठणकणारा अशी त्याची लक्षणे देतो. आरशातील दाढ हलत तेवढी नव्हती. बाकी सारे जुळत होते. डोळ्याची गोष्टही तेथेच सापडली. घट्ट मुळाचा वरचा दात उपटला तर अतिरक्तस्राव होऊन मनुष्य काणा होतो, त्याचे तोंड वाकडे होते, सबब वैद्याने वरचा दात हलत असला तरी काढू नये, असा त्याचा इशारा आहे. म्हणजे धास्ती वरच्या दातापुरती होती. लोकांनी ती सरसकट केली. रक्त थांबविण्याची आजची साधने ज्या काळी नव्हती त्या काळी शल्यवैद्याने असे जपून बोलावे हे योग्यच होते. आज ती भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण पाहण्याची नाडी आणि दाताची नाडी ह्या वेगळ्या आहेत. आमची दाढ तर खालचीच होती.

पुढे वाग्भटही चाळला. दाताची पोकळी गुळाने किंवा मेणाने भरून तापल्या शलाकेने डागावी, असा त्याचा विधी आहे. गूळ वाचून आम्हांस हसू आले. तथापि पोकळी भरून काढली पाहिजे हे त्याच्या ध्यानात आले होते, हे लहान नव्हे. कृमीची समजूत मात्र फार दिवस टिकली. आमच्या लहानपणी बाजारच्या दिवशी वैदू येत, रिंगणीच्या बियांची धुरी नळीने दाढेस देत आणि पांढरे किडे पडलेले दाखवीत. ते किडे नसून तापून फुटलेल्या बियांचे कोंब असतात, हे पुष्कळ उशिरा कळले. युरोपातही हाच खेळ दुसऱ्या एका बीवर चाले. दातात कृमी असतो ही समजूत फोशार नावाच्या फ्रेंच शस्त्रवैद्याने १७२८ साली आपल्या ग्रंथात खोडून काढली, आणि तोंडातील सूक्ष्म जंतू गोड व पिष्टमय अन्नापासून आम्ल तयार करतात व ते आम्ल दात झिजविते, हे मिलर ह्या संशोधकाने १८९० च्या सुमारास दाखविले. तेव्हा कृमी नाहीत म्हणावे तर आहेत, फक्त ते डोळ्यांना दिसणारे नव्हेत.

असो. दिवाळीच्या आधी चार दिवस चमत्कार झाला. ठणका एकाएकी थांबला. गरम चहा लागेना, गार पाणी लागेना. आम्ही लवंगेचे आभार मानले, सौ.स “पाहिलेस ना?” असे विजयी मुद्रेने म्हटले आणि चकल्या उजव्या बाजूने का होईना, यथेच्छ खाल्ल्या. हा आनंद तुळशीच्या लग्नापर्यंत टिकला. त्या पहाटे उठलो तो डावा गाल मोसंब्याएवढा सुजलेला. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून कॅप्सूल आणल्या. तीन घेतल्यावर सूज उतरली म्हणून बाकीच्या ठेवून दिल्या. तिसऱ्या दिवशी सूज दुप्पट होऊन आली, ताप चढला आणि तोंड उघडेना. तेव्हा सौ.ने चपला घातल्या व म्हणाली, “आता तुम्ही येता, की मी त्याला इथे घेऊन येऊ?”

विद्यार्थी रात्री साडेआठला दवाखाना बंद करण्याच्या बेतात होता. त्याने दिवे पुन्हा लावले, साखर तपासली (आम्हांस थोडा मधुमेह आहे), गालाखाली व गळ्याशी चाचपून पाहिले, गिळताना किंवा श्वास घेताना अडते का ते दोनदा विचारले. नाही म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावरील ताण कमी झाला. “खालच्या दाढेची सूज गळ्याकडे उतरली आणि श्वास अडायला लागला, तर सकाळची वाट बघायची नसते, गुरुजी. तसंच मोठ्या दवाखान्यात जायचं,” असे तो म्हणाला. मग त्याने दाढेला वरून वाट करून दिली, आतला दाब मोकळा झाला आणि तीन दिवसांत प्रथमच आम्हांस जगात दुसरे काही आहे ह्याची जाणीव झाली.

ठणका मध्येच थांबला होता, ते कसे, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “तुमचं दुखणं थांबलं नव्हतं. दाढ मेली होती.” दाताच्या गाभ्यात रक्तवाहिन्या व नाडी असते, जंतू तेथवर पोहोचले की ठणका लागतो, गाभा कुजून मेला की ठणका थांबतो, आणि मग ती घाण मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरते. कॅप्सूलनेही ती निघत नाही, कारण मेलेल्या गाभ्यात रक्त फिरत नाही, आणि रक्त नाही तेथे औषध पोहोचत नाही. अर्धवट औषध घेतल्याबद्दल त्याने आम्हांस जे ऐकविले ते येथे लिहीत नाही. चाळीस वर्षे आम्ही जे मुलांना ऐकवीत आलो, त्याच्याच चालीवर ते होते.

मग त्याने दोन मार्ग सांगितले. दाढ काढून टाकावी, तिला फारसा खर्च नाही. किंवा मुळांच्या नळ्या साफ करून, भरून, वर टोपी घालून ती वाचवावी, तिला लागतात नऊ हजार. “पण पैशांचा विषय तुम्ही काढायचा नाही,” असे तो म्हणाला, आणि जी गोष्ट आम्ही टाळत आलो होतो ती अशी समोर येऊन उभी राहिली. सातशे रुपयांचे ऋण आम्हांस चार वर्षे टोचत होते. नऊ हजारांचे आम्ही कोठे ठेवणार होतो?

नऊ हजार आमच्याजवळ नव्हते असे म्हणणे खोटे होईल. निवृत्तिवेतन येते. परंतु त्याच महिन्यात आरोग्यविम्याचा वार्षिक हप्ता भरला होता, आणि तो काही लहान नव्हता. चिरंजीव बंगळूरला असतात. “बाबा, आता दवाखान्याची काळजी नाही” असे म्हणून त्यांनीच ती पॉलिसी आम्हां उभयतांसाठी काढून दिली. पहिली दोन वर्षे हप्ता त्यांनी भरला. पुढे आम्हीच भरू लागलो. तेव्हा विम्याकडे पाहणे क्रमप्राप्त होते.

पॉलिसीची इंग्रजी पुस्तिका आम्ही कोश जवळ घेऊन दोन संध्याकाळी वाचली. ज्याने व्याकरण शिकले आहे त्याला हा ग्रंथ वाचण्यास तशी अडचण पडू नये, कारण त्याची रचना सूत्रग्रंथासारखीच आहे. प्रथम उत्सर्ग: रुग्णालयात दाखल झालेल्यास खर्च मिळेल. मग अपवाद: दातांच्या उपचारास मिळणार नाही. मग त्या अपवादाचा अपवाद, ज्याला आमचे शास्त्रकार प्रतिप्रसव म्हणतात: अपघाताने इजा होऊन रुग्णालयात राहावे लागले तर दातांसही मिळेल. म्हणजे हीच दाढ जिन्यावरून पडून फुटली असती तर ती विम्यास मान्य झाली असती. साठ वर्षे चावून चावून किडली, म्हणून अमान्य. तरीही खात्रीसाठी त्यांच्या क्रमांकावर विचारले. पलीकडच्या मुलाने अत्यंत नम्रपणे “सर, डेंटल कव्हर होत नाही” असे तीन वेळा सांगितले. त्याचा दोष नव्हता.

विमा देणाऱ्यांची बाजूही आम्ही मनाशी मांडून पाहिली. विमा हा अनिश्चितासाठी असतो. घर जळेलच असे नाही, म्हणून त्याचा विमा उतरविता येतो. दात मात्र आज ना उद्या प्रत्येकाचे बिघडणारच. त्यांचा भार घेतला तर हप्ता पेलवणार नाही. युक्तिवाद बरा आहे. परंतु मग मोतीबिंदूचे काय? तो तर म्हाताऱ्यांच्या पाचवीला पुजलेला. त्याला दोन वर्षे थांबवितात, रकमेची मर्यादा घालतात, पण पॉलिसीत घेतात. त्याच्यासाठी रात्रभर रुग्णालयात निजण्याचीही अट नाही. तोंड तेवढे शरीराबाहेरचे मानावे, ह्याला शास्त्राधार आम्हांस सापडला नाही. सरकारी योजनांतही रोख मुख्यतः दाखल होऊन करावयाच्या उपचारांवर आहे. ७० वर्षांवरील सर्वांसाठी आयुष्मान योजना २०२४ साली खुली झाली. आम्हांस ६७ पुरी झाली आहेत. तीन वर्षे थांबूनही ह्या दाढेची सोय तीत झाली असती असे दिसत नाही.

आम्ही विद्यार्थ्याकडे परत गेलो आणि स्पष्ट सांगितले, की फुकट काम करून घेणार नाही, आणि तुझे नऊ हजार देऊ केले तर तू घेणार नाहीस. तेव्हा दाढ काढून टाक. तो थोडा वेळ गप्प बसला. मग हसून म्हणाला, “मग मी जिथे शिकलो तिथे जा. तिथे कोणी तुमचा विद्यार्थी नाही. पैसे भरा, पावती घ्या.” आणि त्याने पुण्याच्या एका दंत-महाविद्यालयाच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली.

ही वाट आम्हांस आधी सुचू नये ह्याचे नवल वाटते. दंतवैद्यक शिकविणारे आपल्या देशातील पहिले महाविद्यालय कलकत्त्यास १९२० साली निघाले. मुंबईच्या नायर रुग्णालयाचे १९३३ पासून आहे. पुढे १९४८ च्या कायद्याने दंतवैद्यांची देशभर नोंदणी सुरू झाली. आज जिल्ह्याजिल्ह्यांतून अशी महाविद्यालये आहेत. शिकणाऱ्याच्या हातून ठरावीक कामे पुरी झाली पाहिजेत म्हणून त्यांना रोगी हवे असतात, आणि रोग्याला स्वस्त काम हवे असते. विद्यार्थी काम करतात खरे, पण पायरीपायरीवर शिक्षक येऊन पाहतो, आणि न आवडल्यास पुन्हा करावयास लावतो. मोबदल्यात द्यावा लागतो तो वेळ. खाजगी दवाखान्यात दोन खेपांत होणारे काम येथे सहा खेपांत होते. आम्ही निवृत्त, वेळ हीच आमची एकमेव श्रीमंती.

पहाटे सहाची एसटी, साडेआठला स्वारगेट. आम्हांस वयामुळे अर्धे तिकीट, सौ.स २०२३ पासून स्त्रिया म्हणून अर्धे. म्हणजे दोघांचे मिळून एक. नऊला केसपेपर काढून बाकावर बसलो. एका विद्यार्थिनीच्या हाती आमची रवानगी झाली. मुलगी लातूरकडची, बोलण्यात गोड, हात मात्र निश्चयी. तिने आरसा तोंडात घालून शेजारच्या मुलास सांगितले, “थर्टीसिक्स.” त्याने कागदावर लिहिले. आम्ही विचारले, “छत्तीस म्हणजे काय, बाळ? आम्हांस दात तर बत्तीसच.” ती हसली. मुखाचे चार भाग करतात: उजवा वरचा एक, डावा वरचा दोन, डावा खालचा तीन, उजवा खालचा चार. मग मध्यापासून मागे दात मोजावयाचे. तिसऱ्या भागातला सहावा, म्हणून तीन-सहा. बोलताना झाला छत्तीस. आमच्याशी गेले दोन महिने ज्याचा छत्तिसाचा आकडा होता त्याचे नावच छत्तीस निघावे, ह्याचे आम्हांस भारी कौतुक वाटले. मुलीला मात्र विनोद समजावून सांगावा लागला. ही दाढ माणसाला सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, असेही तिने सांगितले. म्हणजे आमच्या मुंजीच्याही आधी ती सेवेत रुजू झाली होती. आम्ही अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो. तिला ती सवलत कोणी दिली नव्हती.

कामाची तऱ्हा थोडक्यात सांगतो. सुईने जबडा बधिर करतात. ती सुई लोक समजतात तितकी वाईट नाही. दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवितात, जेणेकरून लाळ आत जाऊ नये व औषध घशात उतरू नये. ह्या दाढेला मुळे दोन, पण नळ्या बहुधा तीन, कधी चार. केसासारख्या बारीक कानशींनी त्या घासतात, क्ष-किरणांचे चित्र काढून लांबी मोजतात, जंतुनाशक पाण्याने धुतात, आणि शेवटी गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाच्या काड्यांनी भरून टाकतात. हाच चीक शंभर-दीडशे वर्षांपूर्वी समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांवर गुंडाळीत असत. वाग्भटाच्या गुळाच्या जागी हा आला, असे आम्ही त्या मुलीला सांगितले. तिने वाग्भट कोण ते विचारले, आणि पडदा लावण्यापूर्वीची दहा मिनिटे आम्ही पुन्हा एकदा मास्तर झालो.

दुसऱ्या खेपेस घडलेली गोष्ट सांगण्यासाठीच खरे म्हणजे हा लेख लिहावयास घेतला. आम्ही खुर्चीवर आडवे, तोंडावर रबराचा पडदा, बोलण्याची सोय नाही. “दुखलं तर डावा हात वर करा, काका,” एवढीच भाषा उरलेली. सौ. बाकावर बसली होती. शेजारची खुर्ची रिकामी होती आणि तेथील मुलाला तपासणीसाठी कोणीतरी हवे होते. तो म्हणाला, “आजी, बसताय का? नुसतं बघतो.” ती “मला काय धाड भरलीय” म्हणाली. त्याने पुन्हा आग्रह केला, तेव्हा कसनुशी होऊन बसली.

आणि मग आम्हांस पलीकडून आकडे ऐकू येऊ लागले. तो सांगत होता व दुसरी मुलगी लिहीत होती. “वन-फाइव्ह मिसिंग. वन-सिक्स मिसिंग. टू-सिक्स मिसिंग.” आदल्या खेपेस ती गणना आम्ही मोठ्या हौसेने शिकलो होतो, आता ती विसरता येईना. “थ्री-सिक्स मिसिंग. थ्री-सेव्हन मिसिंग. फोर-सिक्स, फोर-सेव्हन मिसिंग.” सात. खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंच्या चावण्याच्या दाढा नाहीत. ह्या बाईने पोळी कशाने चावली असेल?

तो मुलगा विचारीत होता, ती सांगत होती, अगदी बाजारातील भाव सांगावेत त्या आवाजात. दोन दाढा मुलाच्या वेळी गर्भारपणानंतर गेल्या. एक सासूबाईंच्या आजारपणात. “ही कधी काढली, आजी?” “ती चार साली. मुलाची इंजिनियरिंगची फी भरायची होती. डॉक्टर म्हणाले, वाचवता येईल, पण खर्च आहे. म्हटलं, काढूनच टाका. शंभर रुपये घेतले.” ही कोणती, ते आकड्यावरून आम्हांस कळत होते. ती छत्तीसच होती.

आम्हांस त्या दिवसाची काही म्हणजे काही आठवण नाही. २००४ सालच्या उन्हाळ्यात आम्ही फीची रक्कम कशी उभी केली ह्याचा हिशेब आजही तोंडपाठ आहे; त्यात हे शंभर रुपये कोठेच नाहीत. तिने ते किराण्यातून काढले असावेत. ती पोळी आमटीत कुस्करून खाते, भाकरीचा पापुद्रा बाजूस ठेवते, पेरू किसून घेते, हे सारे आम्ही वर्षानुवर्षे समोरच्या पाटावरून पाहिले होते. तिला कुस्करा आवडतो, अशी आमची समजूत होती. सुनेलाही आम्ही तसेच सांगितले होते.

आम्ही डावा हात वर केला. मुलीने तत्काळ यंत्र थांबविले. “दुखलं का, काका?” आम्ही मान हलविली. तिला काही उमगले नाही. तिने आणखी थोडे बधिराचे औषध घातले.

परतीच्या एसटीत आम्ही विचारले, “मला सांगितले का नाहीस?” ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “सांगून काय? तुम्ही काय म्हणाला असता, ते मला ठाऊक होतं. कर्ज काढून वाचवू म्हणाला असता. आणि ते परवडणारं नव्हतं.” खंबाटकीचा घाट येईपर्यंत पुढे बोलणे झाले नाही. ती समजते तसे आम्ही म्हणालो असतो की नाही, ह्याची आम्हांस आज तितकी खात्री नाही. तिने मात्र आमच्याविषयी चांगलेच गृहीत धरून दाढ काढविली होती.

आमचे काम पौष अखेर पुरे झाले. नळ्यांचे अठराशे, टोपीचे पंधराशे, केसपेपर व चित्रांचे मिळून दोनशे. सहा खेपांचे दोघांचे भाडे धरले तर साडेपाच हजारांच्या वर गेले. म्हणजे वाचले ते साडेतीन हजारांहूनही कमी, आणि सहा दिवस खर्ची पडले. ह्या व्यवहाराला कोणी शहाणपणाचा म्हणणार नाही. तरुण व कमावत्या माणसाने तर तो करू नये, त्याचा रोज बुडेल. पावत्या मात्र सगळ्या आमच्या नावाच्या आहेत. विद्यार्थ्याला त्या नेऊन दाखविल्या. त्याने टोपी पाहिली, “कडा छान बसवलीय” म्हणाला, आणि तपासणीचे पन्नास रुपये आमच्याकडून मागून घेतले. ते त्याने टेबलाच्या खणात ठेवले तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

सौ.च्या दाढा परत येण्यासारख्या नाहीत. एकेक दाढ हाडात रोवून बसविण्याचा खर्च आमच्या आटोक्याबाहेरचा आहे, आणि तिनेच त्याला हात जोडले. काढता-घालता येईल अशी अर्धी कवळी मात्र तेथेच होते, आणि तिचे दर आमच्या टोपीपेक्षा फार नाहीत. माप देण्यास गेलो त्या दिवशी लातूरच्या मुलीने सगळ्या सूचना सांगितल्या: रात्री काढून पाण्यात ठेवावयाची, आधी मऊ खावयाचे, चिकट टाळावयाचे. सौ.ने सारे ऐकून घेतले व हळूच विचारले, “भाजलेले दाणे चालतील का गं?” “लगेच नाही, आजी. हळूहळू,” मुलगी म्हणाली.

स्वारगेटला गाडी सुटण्यास वीस मिनिटे होती. आम्ही पाणी आणण्याच्या निमित्ताने उतरलो आणि खारे दाणे घेतले. तिने पुडी पाहिली, “आत्ता काय उपयोग?” म्हणाली आणि पिशवीत तळाशी ठेवली. घरी आल्यावर ती फडताळात गेली. कवळी मिळण्याची तारीख पुढच्या गुरुवारची आहे.